टाक्यांविना नसबंदी : हार्मोन इम्प्लांटची पार्श्वभूमी

घरच्या कुत्र्याची नसबंदी म्हटलं की भूल, टाके आणि जखम चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकची कॉलर, हे चित्र डोळ्यांपुढे येतं. ऑस्ट्रेलियात आणि युरोपात आता दुसरी वाटही आहे : सव्वा सेंटिमीटर लांबीची औषधाची एक कांडी जाड सुईने पाठीच्या कातडीखाली सोडायची. या कांडीचा माग काढत गेलं, तर तो कुत्र्यांपाशीच सुरू होतो.

शिकागो विद्यापीठात चार्ल्स हगिन्स कुत्र्यांच्या प्रोस्टेट ग्रंथीचा अभ्यास करत होते. उतारवयात ही ग्रंथी माणसासारखी कुत्र्यातही वाढते, आणि वृषणं काढली की आक्रसते. शरीरात पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगाच्या रुग्णांनाही त्याच उपायाने उतार पडतो, हे त्यांनी १९४१ मध्ये दाखवलं. १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तरीही या उपायात रुग्णाला वृषणं गमवावी लागतच होती.

वृषणांना हुकूम मेंदूकडून येतो. तो पोचवणारं हार्मोन जेमतेम दहा अमिनो आम्लांचं आहे. अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलेमिन यांच्या प्रतिस्पर्धी गटांनी कत्तलखान्यांतून आणलेल्या डुकरा-मेंढ्यांच्या लाखो मेंदूंमधून असली हार्मोन्स कणाकणाने वेगळी केली. या हार्मोनची रचना १९७१ मध्ये उलगडली, १९७७ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. वंध्यत्वावर औषध सापडलं अशी तेव्हा आशा होती. घडलं उलटंच. अर्न्स्ट नोबिल यांनी १९७८ मध्ये माकडांवर दाखवलं, की हार्मोन तासातासाने थोडं थोडं दिलं तर मेंदूच्या तळाशी असलेली, हा हुकूम पुढे पाठवणारी पियुषिका ग्रंथी काम करते. अखंड दिलं तर ती दाद देईनाशी होते आणि पुढची सगळी साखळी थंडावते. मला या साऱ्या इतिहासातला हाच क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. याच तत्त्वावर प्रोस्टेटच्या कर्करोगावरचं ल्युप्रोलाइड हे इंजेक्शन आलं. अमेरिकेत त्याला १९८५ मध्ये मान्यता मिळाली आणि असंख्य पुरुषांची शस्त्रक्रिया टळली.

तेच तत्त्व मग प्राण्यांकडे परतलं. सिडनीच्या पेपटेक कंपनीने डेस्लोरेलिन हे त्याच जातीचं, पण कैक पट प्रभावी औषध कांडीत भरलं. आधी ते घोडीत बीज सुटण्याची वेळ साधायला वापरलं गेलं. कुत्र्यांसाठीच्या ‘सुप्रेलोरिन’ला ऑस्ट्रेलियात २००४ मध्ये आणि युरोपीय संघात २००७ मध्ये परवानगी मिळाली. ४.७ मिलिग्रॅमची कांडी किमान सहा महिने आणि ९.४ मिलिग्रॅमची वर्षभर पुरते. असर ओसरला की प्रजननक्षमता परत येते.

प्राणिसंग्रहालयांनी ही कांडी लगेच उचलली, त्यालाही कारण होतं. १९७० च्या दशकापासून अमेरिकेत वाघ-सिंहिणींना दुसऱ्याच एका हार्मोनचं इम्प्लांट देत, आणि त्यातून गर्भाशयाचे व स्तनांचे आजार, कर्करोगसुद्धा, उद्भवले होते.

फेरेटची कथा तर शस्त्रक्रियेलाच प्रश्न विचारणारी आहे. मुंगसासारख्या दिसणाऱ्या या पाळीव प्राण्याची वृषणं किंवा अंडाशयं काढली, की मेंदूकडून येणारा हुकूम थांबत नाही, उलट वाढतो. मग मूत्रपिंडाजवळची अधिवृक्क ग्रंथीच त्याला दाद देऊ लागते आणि बिघडते. अंगावरचे केस झडतात, गाठी होतात. नेदरलँड्समधल्या संशोधनाने हा संबंध दाखवल्यावर तिथले डॉक्टर कांडीकडे वळले. कुत्र्यांबाबतही २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी गोल्डन रिट्रीव्हर जातीच्या कुत्र्यांमध्ये लवकर नसबंदी आणि सांध्यांचे विकार यांचा संबंध मांडला.

तरी कांडीच्या मर्यादा पाळणाऱ्याला आधी ठाऊक हव्यात. पहिल्या काही दिवसांत टेस्टोस्टेरॉन हे नराचं हार्मोन उलट वाढतं, कुत्रा जास्तच उतावीळ होऊ शकतो, आणि सहा ते आठ आठवडे त्याला माजावर आलेल्या मादीपासून दूर ठेवावं लागतं. वयात आलेल्या कुत्रीला कांडी दिली तर तीच माजावर येऊ शकते, म्हणून सुरुवातीची मान्यता नरांपुरती होती. आपल्याकडच्या भटक्या कुत्र्यांसाठी तर निर्बीजीकरणाची शस्त्रक्रियाच योग्य आहे, असं माझं ठाम मत आहे. एकदा पकडून लस देऊन सोडलेल्या कुत्र्याला दर वर्षी पुन्हा कोण शोधणार?

एकाच टोचणीत कायमचा उपाय व्हावा, हा शोध चालूच आहे. अमेरिकेतल्या मायकल्सन प्रतिष्ठानने २००८ मध्ये त्यासाठी अडीच कोटी डॉलरचं बक्षीस लावलं. २०२३ मध्ये सिनसिनाटी प्राणिसंग्रहालयातल्या आणि बोस्टनच्या संशोधकांनी सहा मांजरींना जनुकीय उपचाराचं एकेक इंजेक्शन दिल्याचं प्रसिद्ध झालं. बोक्यांसोबत ठेवूनही त्यांतल्या एकीलाही पिल्लं झाली नाहीत; इंजेक्शन न दिलेल्या तिघींना मात्र झाली.