इराणच्या भूकंपग्रस्तांना अमेरिकेतून मदत पाठवायचीय? आधी हे वाचा

तिकडे भूकंप झाला की ऑफिसातला इराणी मित्र गप्प गप्प दिसतो, आपल्यालाही राहवत नाही आणि आपण व्हॉट्सअप ग्रुपवर टाकतो, "माझ्या खात्यात द्या, मी पुढे पाठवतो." हे कृपया करू नका. मी केलंय. एकाने पेमेंट अ‍ॅपच्या नोटमध्ये "इराण भूकंप" लिहिलं, पैसे तिथेच लटकले आणि मी आठवडाभर खुलासे देत बसलो. १९९३ ला किल्लारीसाठी घरोघर डबा फिरवला तसं इथे चालत नाही. आणि हो, नोटमध्ये "बर्थडे" लिहायची आयडिया तर अजिबात नको, ती सरळ लपवाछपवी ठरते.

अमेरिकेचे इराणवर आर्थिक निर्बंध आहेत, पण मुळात मदतीला सरसकट बंदी नाहीये. अमेरिकेच्या ट्रेझरीत निर्बंध सांभाळणारं ओफॅक नावाचं ऑफिस आहे, त्यांनी २०१३ मध्ये जनरल लायसन्स ई काढलं. जनरल म्हणजे वेगळा अर्ज नाही, अटींत बसलात की झालं. पण ते फक्त एनजीओंना, एका संस्थेला १२ महिन्यांत ५ लाख डॉलरपर्यंत, वर तिमाही रिपोर्ट. तुम्ही-आम्ही व्यक्ती म्हणून त्यात बसत नाही.

लोक अडकतात ते दोन वाक्यांत. एक, "दानाला सूट आहे." आहे, पण वस्तूंच्या, म्हणजे अन्न, कपडे, औषधं. रोख रक्कम त्यात येत नाही. दुसरं, "घरच्यांना पैसे पाठवता येतात ना?" येतात, पण ते खाजगी खर्चाला. मित्राच्या भावाला पाठवून त्याने गावातल्या संस्थेला दिले तर ते संस्थेला दिलेलं दान झालं, आणि ती सूट संपली.

तारखेचा घोळ वेगळाच. २०१२ च्या ऑगस्टमध्ये इराणच्या पूर्व अझरबैजान प्रांतात भूकंप झाला तेव्हा ओफॅकने ४५ दिवसांची खास परवानगी दिली होती, ५ ऑक्टोबरपर्यंत, प्रत्येक एनजीओला ३ लाख डॉलर. अशी मुदत असते ती पैसे पाठवायची, गोळा करायची नाही, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात मोजदाद करत बसलात तर गेलं.

आमचं मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था आहे, मग आम्ही करू का, असं विचारतात. करा, पण आयआरएसचं, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याचं, तो दर्जा दिल्याचं डिटर्मिनेशन लेटर आधी शोधा. ते हमखास तीन कमिट्यांआधीच्या खजिनदाराच्या बेसमेंटमध्ये असतं. तिकडच्या संस्थेशी लेखी करार, तिचं आणि तिच्या पदाधिकाऱ्यांचं नाव ओफॅकच्या निर्बंध यादीत नाही हे तपासल्याचा तारखेसकट प्रिंट, आणि सगळ्या पावत्या. मार्च २०२५ पासून हे कागद ५ नाही, १० वर्षं जपायचेत.

एवढं करूनही बँक नाही म्हणू शकते. लायसन्सने बँकेला मुभा मिळते, सक्ती होत नाही, आणि काउंटरवरच्या माणसाला त्याचं नावही माहीत नसतं. म्हणून एक डॉलर गोळा करण्याआधी बँकेच्या कम्प्लायन्स विभागाकडून ईमेलवर होकार घ्या, तोंडी नको.

अटींत बसत नसाल तर स्पेसिफिक लायसन्सचा, म्हणजे फक्त तुमच्यापुरत्या परवानगीचा अर्ज ऑनलाइन करता येतो. ओफॅक त्याची फी घेत नाही, उत्तराची मुदत मात्र देत नाही. ढिगारे उपसून होतात, अर्ज "पेंडिंग"च.

खरं तर आधीपासून हे काम करणाऱ्या संस्थेलाच थेट द्यावं. तुमच्या खात्यात आधीच पैसे जमले असतील तर ज्याचे त्याला परत करा आणि त्या संस्थेची लिंक ग्रुपवर टाका.