फुलपाखरी चाकू : मालकी, वापर आणि कायदा

फुलपाखरी चाकू (बालिसाँग) : दोन भागांच्या मुठीत पाते मिटून राहते असा घडीचा चाकू. मुठीचे दोन्ही भाग पात्याच्या बुडाशी एकेका खिळीवर फिरतात. ते मागे वळवून एकमेकांना भिडवले की पाते उघडे पडते आणि टोकाची छोटी कडी अडकवली की मूठ घट्ट बसते. उघडताना मुठीचे भाग पंखांसारखे हलतात, त्यावरून हे नाव पडले. खटक्याच्या चाकूत असते तशी स्प्रिंग यात नसते आणि बटणही नसते. जे काही होते ते मनगटाच्या झटक्याने. मिटताना पात्याची धार मुठीच्या एका भागात शिरते आणि बोथट पाठ दुसऱ्या भागात. नवशिका नेमका धारेकडचा भाग पकडून चाकू फिरवतो आणि बोटाच्या पेरावर कापून घेतो.

या चाकूचे घर म्हणजे फिलिपिन्समधील बातांगास प्रांत. तिथल्या ताल गावाजवळच्या बालिसाँग या वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या हे चाकू घडवले जात आले आहेत. ‘मोडलेले शिंग’ अशी या शब्दाची लोकांत रूढ असलेली फोड आहे, कारण मुठीला शिंग किंवा हाड लावण्याची पद्धत होती. शेतकरी, कोळी, गाडीवान यांच्या खिशातला हा रोजच्या कामाचा चाकू होता. दोरी कापायची, फळ सोलायचे, एक हात कामात गुंतलेला असताना दुसऱ्या हाताने पाते काढायचे. तरीही त्याच देशात तो घराबाहेर नेण्यावर बंधन आहे. १९७८ च्या ‘बातास पांबान्सा क्रमांक ६’ या कायद्याने धारदार, टोकदार किंवा बोथट हत्यार घराबाहेर बाळगणे हा गुन्हा ठरवला. शिक्षा एक महिना ते एक वर्ष कैद किंवा २०० ते २,००० पेसो दंड, किंवा दोन्ही. सूट एवढीच की ते हत्यार उपजीविकेचे साधन असावे किंवा कायदेशीर कामासाठी लागणारे असावे. म्हणजे पोटापाण्यासाठी नेलेला चाकू चालतो. मिरवायला नेलेला चालत नाही.

भारतातील कायदा : भारतातल्या कोणत्याही केंद्रीय कायद्यात फुलपाखरी चाकूचे नाव नाही. ‘नाव नाही म्हणजे बंदी नाही’ असा अर्थ तरुण मुले काढतात आणि तिथेच फसतात. शस्त्र अधिनियम, १९५९ मधली ‘शस्त्र’ची व्याख्या चाकूच्या जातीवर चालत नाही, हेतूवर चालते. आक्रमणासाठी किंवा संरक्षणासाठी घडवलेली अथवा तशी बनवून घेतलेली कोणतीही वस्तू शस्त्र ठरते, त्यात धारदार हत्यारे स्पष्टपणे येतात. केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी घडवलेल्या वस्तू आणि निव्वळ खेळणी त्यातून वगळली आहेत. विळी, कोयता, खुरपे यांना परवाना का लागत नाही याचे उत्तर इथे आहे. ‘साहेब, स्वसंरक्षणासाठी ठेवला होता’ हे वाक्य बचावाचे नाही याचेही उत्तर इथेच आहे. ‘संरक्षण’ हा शब्द व्याख्येतच असल्याने असे सांगणारा माणूस चाकू शस्त्र आहे हे आपल्याच तोंडाने कबूल करतो. हा विषय समजून घेणाऱ्याने दुसरे काही नाही तरी एवढे ध्यानात ठेवावे.

बंदुकीला परवाना देशभर लागतो (कलम ३). धारदार शस्त्रांचे तसे नाही. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून एखाद्या क्षेत्राला कलम ४ लागू केले, तर त्या क्षेत्रात अधिसूचनेत सांगितलेली शस्त्रे परवान्याशिवाय घेता, ठेवता किंवा नेता येत नाहीत. म्हणून एका शहरात बिनधास्त असलेला चाकू दुसऱ्या शहरात गुन्ह्याचा मुद्देमाल होऊ शकतो. शस्त्र नियम, २०१६ च्या अनुसूचीत तलवारी, गुप्त्या, खंजीर, भाले, कुऱ्हाडी, कृपाण व खुकरीसह सुरे हे ‘बंदुकांखेरीज शस्त्रे’ या गटात येतात. तिथले माप आहे नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते. घरगुती, शेती, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी घडवलेली पाती त्यातून वगळली आहेत. बाजारातल्या बहुतेक फुलपाखरी चाकूंचे पाते चार-पाच इंचांचे असते, म्हणून ‘नऊ इंचांच्या आत आहे, काही होत नाही’ असे छातीठोकपणे सांगितले जाते. ते अर्धवट खरे आहे, कारण एखाद्या क्षेत्राची अधिसूचना माप खूप खाली आणू शकते. दिल्ली प्रशासनाच्या १९८० च्या अधिसूचनेत स्प्रिंगचे, गरारीदार (दातेरी खाचांवर अडकणारे), बटणदार आणि इतर यांत्रिक युक्तीने उघडमीट होणारे चाकू आले, आणि त्यांचे माप ठरले ७.६२ सेंटिमीटर लांबी व १.७२ सेंटिमीटर रुंदी. तीन इंच म्हणजे जेमतेम तर्जनीएवढे पाते. मनगटाने फिरणारी मूठ ही ‘यांत्रिक युक्ती’ होते का, हा वाद वकिलांना पुरेल; खिशात चाकू घालून निघालेल्या मुलाने त्याच्या भरवशावर राहू नये. तरी अधिसूचना आहे म्हणून प्रत्येक खटला टिकतोच असेही नाही. बटणदार चाकूच्या दिल्लीतल्या एका खटल्यात २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने कारवाई रद्द केली. ती अधिसूचना विक्रीसारख्या हेतूने चाकू ठेवण्याविषयी होती आणि आरोपपत्रात तसा हेतू दाखवलेलाच नव्हता, हे त्यामागचे कारण.

महाराष्ट्रात : इथे रोजच्या व्यवहारात जास्त लागू पडतो तो महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ (पूर्वीचा मुंबई पोलीस अधिनियम). त्याच्या कलम ३७(१) खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी सार्वजनिक शांततेसाठी मनाई आदेश काढतात. शस्त्रे, सोटे, भाले, तलवारी, दंडे, बंदुका, सुरे, काठ्या, लाठ्या आणि शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू बरोबर नेण्यास या आदेशाने मनाई होते. यात पात्याचे माप नाही आणि चाकूची जातही नाही. सण, निवडणूक, मोर्चा, जयंती अशा निमित्तांनी हे आदेश निघत राहतात. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते आणि कुणी वाचत नाही. आदेश मोडल्यास कलम १३५ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद व दंड, आणि न्यायाधीशाने लेखी कारण नोंदवल्याखेरीज कैद चार महिन्यांपेक्षा कमी नाही. ‘हत्यार कायदा कलम ४, २५ सह म.पो.का. ३७(१)(३), १३५’ अशी शस्त्र अधिनियम आणि महाराष्ट्र पोलीस कायदा यांची जोडी गुन्ह्यांच्या बातम्यांत सतत दिसते, ती यातूनच.

पकडले गेल्यावर काय होते ते पंचनाम्याच्या कागदावर दिसते. दोन पंचांसमोर अंगझडती होते. चाकू पट्टीने मोजला जातो आणि एकूण लांबी, पात्याची लांबी, मधोमध रुंदी, मुठीची लांबी असे आकडे लिहिले जातात. एक बाजू धारदार की दोन, टोक निमुळते का, मूठ लोखंडी की पितळी, आणि पुढे ‘अंदाजे किंमत’ म्हणून काही रुपये. मग कागदात गुंडाळून, दोरा बांधून, लाखेचे सील आणि पंचांच्या सह्यांची चिठ्ठी. हौसेने घेतलेल्या वस्तूला इतक्या कोरड्या शब्दांत उतरवलेले वाचले की कोणाही बापाच्या पोटात गोळा येतो. गुन्ह्याची ती नोंद मुलाच्या चारित्र्य पडताळणीत आणि पासपोर्टच्या अर्जात पुढे कित्येक वर्षे आडवी येऊ शकते.

‘ऑनलाइन मिळतो, मग बेकायदा कसा?’ हा नेहमीचा प्रश्न. पार्सल दारात आले म्हणजे सरकारने परवानगी दिली असे होत नाही. २०२२ साली पिंपरी-चिंचवड आणि औरंगाबाद इथे कुरियरने आलेल्या तलवारी पोलिसांनी जप्त केल्या, तेव्हा हे राज्याने पाहिले. परदेशातून शस्त्र आणायचे तर शस्त्र अधिनियमाच्या कलम १० खाली परवाना लागतो, आणि फुलपाखरी चाकूला शस्त्र मानायचे की नाही हे सीमाशुल्क अधिकारी आधी ठरवतो, गिऱ्हाईक नंतर भांडते. कृपाणाची गोष्ट वेगळी आहे. संविधानाच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात कृपाण धारण करणे हा शीख धर्माचरणाचा भाग मानला आहे. तो धर्मस्वातंत्र्याचा हक्क आहे. त्याचा दाखला देऊन फुलपाखरी चाकूची वकिली करता येत नाही.

इतर देश : शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी मुलांनी ब्रिटनचा कायदा आधी पाहावा, कारण तिथे हा चाकू नावानिशी बंद आहे. १९८८ च्या आदेशात त्याचे वर्णन ‘स्प्रिंग वा यांत्रिक साधनाशिवाय, मधोमध दुभंगून पाते उघडे करणारी मूठ’ अशा आशयाचे आहे. भारतात ज्याच्यावर वाद घालता येतो तोच मुद्दा तिथे व्याख्येत बांधून टाकला आहे. आधी विक्री व आयात बंद होती. १४ जुलै २०२१ पासून स्वतःच्या घरात, कपाटात ठेवणेही गुन्हा झाले. जर्मनीच्या शस्त्र कायद्याने २००३ पासून त्याला निषिद्ध शस्त्रांत घातले. कॅनडात गुरुत्वाकर्षणाने किंवा फिरवण्याच्या जोराने आपोआप उघडणारे पाते निषिद्ध आहे. अमेरिकेत राज्यागणिक चित्र बदलते. कॅलिफोर्नियात दोन इंच वा त्याहून मोठ्या पात्याच्या अशा चाकूला खटक्याच्या चाकूचे नियम लागतात. हवाईत १९९९ पासून पूर्ण बंदी होती, ती २०२३ मध्ये एका अपील न्यायपीठाने घटनाबाह्य ठरवली आणि पुढच्याच वर्षी राज्याने कायदा बदलला.

सराव करणाऱ्यांसाठी बिनधारेचे, छिद्रे पाडलेल्या बोथट पट्टीचे चाकू मिळतात. फिरवण्याची कला त्यावर तितकीच येते, पेरे शाबूत राहतात आणि धारदार हत्याराचा प्रश्न मुळात उभाच राहत नाही. विमानतळावर मात्र तेही हातातल्या बॅगेत घालू नयेत. क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर दुभंगलेली मूठ आणि मधली पट्टी अगदी चाकूसारखीच दिसते.