सरावात 'समजा' म्हणू नका
(आमचे मॅनिकिन, म्हणजे जीव वाचवण्याच्या सरावाचे बाहुले, मागवणाऱ्या बालरोग रुग्णालयांसाठी)

इंदूर, देवास, उज्जैन, कुठूनही फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला: "सराव अर्ध्या तासात उरकेल ना? ओपीडी आहे." उरकतो. पण एका शब्दापायी तो दीड तासावर जातो, म्हणून हा कागद.

सरावातल्या बाळाची नाडी लागत नाही. हृदय चालू करायला ॲड्रेनालिन हे औषध द्यायचं असतं. डॉक्टर म्हणतात, "ॲड्रेनालिन दिलं समजा," आणि पुढे निघतात. आम्ही तिथेच थांबवतो. काहींना राग येतो, येऊ दे. मूल १० किलोचं धरलं, तर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे एकूण ०.१ मिलिग्रॅम द्यायचं. आपल्याकडच्या ॲम्प्यूलमध्ये, म्हणजे औषधाच्या काचेच्या कुपीत, १ मिलिलिटरला १ मिलिग्रॅम असतं. ते सलाइन घालून १० मिलिलिटर करायचं आणि त्यातलं १ मिलिलिटर द्यायचं. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात छाती दाबणं चालू असतं, मॉनिटर केकाटत असतो, सिस्टरच्या हातात फोडलेली ॲम्प्यूल आणि मोठी सिरिंज खालच्या खणात, ग्लोव्हजच्या खोक्यामागे. घाईत न मिसळता तेच १ मिलिलिटर गेलं, तर मात्रा दहापट! 'समजा' म्हटलं की यातलं काहीच दिसत नाही. नंतरच्या चर्चेत ते उघडं पडतं आणि सगळा प्रसंग पहिल्यापासून करावा लागतो.

म्हणूनच आम्ही तातडीच्या औषधांची ट्रॉली तुमचीच वापरतो. खऱ्या ॲम्प्यूल बाजूला काढून त्याच खणांत आमच्या पाण्याच्या ठेवतो, आणि जाताना मोजून परत नेतो. हे मोजणं चिकटपणाचं वाटतं खरं. पण २०१४ मध्ये अमेरिकेत सरावाचं सलाइन खऱ्या रुग्णांच्या शिरेत गेलं होतं.

सिस्टरनाही बसवा, निदान दोघींना. एकट्याने ३० दाबांमागे २ श्वास, दोघं असताना १५ मागे २, हा बदल फक्त डॉक्टरांना ठाऊक असून भागत नाही.

मॅनिकिनच्या हातातल्या नळ्यांत डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाइन, सोडू नका. नळ्या चिकटतात, बुरशी धरते, आणि पुढच्या गिऱ्हाइकाची तारीख आम्हाला पुढे ढकलावी लागते. साधं पाणी पुरतं.

नवजात, तान्हं बाळ आणि पाच वर्षांचं मूल, अशी तीन मॅनिकिन आहेत. भाड्यात सरावानंतरची चर्चाही धरलेली आहे. ती वगळून भाडं कमी करा म्हणाल, तर नाही करत. हात काही महिन्यांत विसरतात, त्यामुळे वर्षातून दोनदा बोलावणाऱ्यांना दुसऱ्या खेपेला सवलत देतो. तारीख कळवताना ट्रॉलीचा एक फोटो पाठवा, सगळे खण उघडे ठेवून.