टिनाखालचं ऊन

‘अकोल्याचा पारा 44 वर’ ही बातमी मे महिन्यात ठरलेलीच. पण हा आकडा देणारा तापमापक पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरवर, सावलीत असतो. तो हवा मोजतो, अंगाला लागणारं ऊन नाही.

प्रत्येक वस्तू अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण सोडते, आणि त्यांचं प्रमाण केल्विनमधल्या (सेल्सिअस अधिक 273) तापमानाच्या चौथ्या घातानं वाढतं. 35 अंशांची आपली कातडी दर चौरस मीटरला साधारण 510 वॅट सोडते. गंजून काळवंडलेलं छपराचं टिन दुपारी 65 अंशांवर गेलं, की खालच्या माणसावर जास्तीत जास्त 740 वॅट ओततं. जातं त्यापेक्षा येतंच जास्त. मग शरीर थंड करायला उरतो फक्त घाम. कडुनिंबाची पानंही तेच ऊन झेलतात. पण मुळांनी ओढलेलं पाणी पर्णरंध्रांतून, म्हणजे पानांवरच्या बारीक छिद्रांतून, वाफ होऊन जातं, आणि एक ग्रॅम पाण्याच्या वाफेला सुमारे 2400 ज्यूल लागतात. पाणी आटलं की रंध्रं मिटतात. तरी पान बारीक असल्यानं वारा त्याची उष्णता चटकन नेतो. म्हणून पान हवेइतकंच, 44 अंशांच्या आसपास राहतं आणि खाली 570 वॅटच पाठवतं. सावली दोन्हीकडे, फरक 170 वॅटचा!

पिंपळ रात्रीही ऑक्सिजन सोडतो असे मेसेज फिरतात, ते मात्र साफ खोटं. उजेडाशिवाय प्रकाशसंश्लेषण होत नाही. झाडाची थोरवी सांगायला असले मेसेज कशाला हवेत?

झाडाची ही गार सावली कोणाच्या वाट्याला येते? पोर्टलंड स्टेट विद्यापीठाचे विवेक शांडास आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये अमेरिकेतले 108 शहरी भाग तपासले. 1930 च्या दशकात कर्जासाठी ‘धोक्याच्या’ ठरवून नकाशावर लाल रंगवलेल्या वस्त्यांमधली जमीन आजही इतर वस्त्यांपेक्षा सरासरी 2.6 अंशांनी जास्त तापते. त्यांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या मोठ्या प्रमाणावर होत्या.

आपल्याकडे असा नकाशा कोणी रंगवला नाही, तरी वडाचा पार गावाच्या मध्यात आणि गावकुसाबाहेर कवेलू (कौलं) जाऊन आलेलं टिन, गल्लीत सिमेंट नि गट्टू (फरसबंदीचे ठोकळे), हे चित्र विदर्भात नवं नाही. वृक्षलागवडीचे खड्डे मात्र शाळेच्या आवारात आणि रस्त्याकडेला, हे मला खटकतं. मे महिन्यात इथे बाराचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो, चारचा पश्चिमेच्या भिंतीवर येतो. त्यामुळे ग्रामपंचायतीनं कडुनिंबाची पहिली रोपं टिनाच्या घरांना द्यावीत आणि ती पश्चिमेच्या बोळीत लावावीत. गट्टू बसवतानाच त्यांच्यासाठी माती उघडी ठेवावी.