सलूंबरचा चुंडावत ठिकाणा: इतिहास आणि वंशपरंपरा

(मेवाड सहलीस येणाऱ्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक)

चितोड, हळदीघाट आणि उदयपूर ही नावे ओळखीची असताना सहलीच्या आखणीत सलूंबर कशासाठी, असे नोंदणीच्या वेळी पुष्कळ जण विचारतात. मेवाडच्या महाराणांची कथा सर्वांनी ऐकलेली असते, पण ज्या सरदार घराण्यांच्या संमतीवाचून त्या गादीचे पान हलत नसे, त्यांची ओळख सहसा होत नाही. उदयपूरच्या आग्नेयेस असलेले सलूंबर हे अशाच एका घराण्याचे ठाणे, म्हणजे तिकडच्या भाषेत ‘ठिकाणा’ (सरदाराची जहागीर) आहे. तिथे जाण्यापूर्वी ही वंशपरंपरा माहीत असावी, असे आम्हांला मनापासून वाटते, आणि म्हणून हे पत्रक तयार केले आहे.

चुंडावत घराण्याचा मूळ पुरुष चुंडा हा महाराणा लाखा (कारकीर्द १३८२ ते १४२१) यांचा थोरला मुलगा आणि गादीचा वारस होता. मारवाडच्या राठोड घराण्याकडून राजकन्या हंसाबाई हिच्या विवाहाचा नारळ चुंडासाठी आला, तेव्हा उतारवयातल्या लाखांनी, असा नारळ आता आमच्यासाठी कोण आणणार, अशा अर्थाची थट्टा केली, असे परंपरा सांगते. वडिलांच्या तोंडून असे शब्द निघाल्यावर त्या मुलीशी विवाह करणे चुंडाला योग्य वाटेना. अखेर तिचा विवाह लाखांशी झाला आणि तिला होणारा मुलगाच गादीवर बसेल, अशी शपथ चुंडाने घेतली. तो मुलगा म्हणजे महाराणा मोकल. पुढे हंसाबाईच्या मनात संशय आल्यामुळे चुंडा माळव्यातील मांडूला निघून गेला. परंतु १४३३ मध्ये मोकलांचा खून झाल्यावर हंसाबाईचा भाऊ रणमल याचे वर्चस्व असह्य झाले, तेव्हा चुंडालाच परत बोलावण्यात आले आणि १४३८ मध्ये रणमल मारला गेला.

या त्यागाच्या मोबदल्यात मिळालेले हक्क चुंडाच्या वंशजांनी शतकानुशतके जपले. राज्यकारभारात सल्ला देण्याचा अधिकार, ज्याला मेवाडात ‘भांजगड’ म्हणत, आणि युद्धात आघाडीवर राहण्याचा मान, म्हणजे ‘हरावळ’, हे त्यांतले प्रमुख होते. तिसरा हक्क डोळ्यांनी पाहता येतो. मेवाडचा जुना दानपत्राचा ताम्रपट पाहायला मिळाला, तर त्याच्या माथ्यावर ‘श्रीरामो जयति’, त्याखाली एका बाजूस गणेशाचा आणि दुसऱ्या बाजूस मेवाडचे कुलदैवत एकलिंगजींचा प्रसादोल्लेख, आणि त्यांच्याखाली कोरलेला भाला दिसेल. तो भाला चुंडाच्या घराण्याची निशाणी होय. गादी सोडणाऱ्याची खूण गादीवर बसलेल्याच्या सनदेवर उमटत राहिली, ही गोष्ट आम्हांला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते.

शपथ कागदापुरती उरली नव्हती. १५२७ मध्ये बाबराविरुद्धच्या खानव्याच्या रणात राणा संग जखमी झाले, तेव्हा सैन्याचा धीर सुटू नये म्हणून राजचिन्हे धारण करण्याची विनंती रावत (घराण्याच्या प्रमुखाची पदवी) रत्नसिंह चुंडावत यांना करण्यात आली. आपल्या पूर्वजांनी हे राज्य सोडले आहे, म्हणून क्षणभरही ती चिन्हे घेता येणार नाहीत, असे सांगून त्यांनी नकार दिला आणि ते लढता लढता पडले. छत्र-चामरे ‘झाला’ कुळातील अज्जा यांनी घेतली. त्यांच्या वंशजांना, म्हणजे सादडीच्या घराण्याला, दरबारात पहिली बैठक होती. सलूंबरची बैठक चौथी होती. म्हणून सलूंबर हे मेवाडचे पहिले घराणे, असे कोणी सांगितले तर ते कारभारातील वजनापुरते खरे मानावे.

अकबराच्या वेढ्यात १५६८ मध्ये चितोड पडले, तेव्हा किल्ल्याचा सूरजपोळ दरवाजा राखताना रावत साईदास कामी आले. १५७२ मध्ये गोगुंद्यास महाराणा उदयसिंह वारले आणि त्यांच्या इच्छेनुसार धाकटा जगमाल गादीवर बसला. त्याला उठवून प्रतापसिंहांना बसवण्यात रावत कृष्णदास अग्रभागी होते. सलूंबरची शाखा त्यांच्याच नावाने कृष्णावत म्हणवते. देवगड, बेगूं, आमेट, कुराबड आणि भैंसरोडगड हीसुद्धा चुंडाच्याच वंशाची घराणी असून त्यांची गणना मेवाडच्या सोळा उमरावांत होत असे.

हाडी राणीची कथा तुम्हांला सलूंबरमध्ये पावलोपावली ऐकायला मिळेल. नवपरिणीत पतीचे मन रणात घरी ओढ घेऊ नये म्हणून आपले शिर कापून पाठवणाऱ्या या राणीचा काळ महाराणा राजसिंह आणि औरंगजेब यांच्या संघर्षाचा मानतात. आमचे मार्गदर्शक ती लोककथा म्हणूनच सांगतील.

मराठी प्रवाशांनी एक गोष्ट मोकळ्या मनाने ऐकावी. महादजी शिंदे यांचे नाव आपण आदराने घेतो आणि ते योग्यच आहे. मेवाडच्या आठवणीत मात्र तो काळ खंडणीचा आणि गहाण पडलेल्या परगण्यांचा आहे. १७६९ मध्ये उज्जैनजवळ क्षिप्रेच्या काठी शिंद्यांच्या फौजेशी लढताना रावत पहाडसिंह पडले. त्याच वर्षी उदयपूरला वेढा पडला आणि तहातील रकमेपोटी जावद, जीरण, नीमच, मोरवण हे परगणे शिंद्यांकडे गेले. १७९१ मध्ये तर सलूंबरचे रावत भीमसिंह चितोडचा किल्ला महाराणांविरुद्ध धरून बसले होते. महादजी तिथे पोचल्यावर, कोट्याचा कारभारी जालिमसिंह दूर होणार अशी खात्री मिळताच ते खाली उतरले आणि महाराणांच्या पायांशी आले. उलट, डिसेंबर १८५८ मध्ये इंग्रज पाठीवर असताना तात्या टोपे यांच्या सैन्याला रसद मिळाली ती सलूंबरलाच. तेव्हा रावत केसरीसिंह गादीवर होते.

वंशावळ वाचताना एवढे लक्षात ठेवावे, की औरस पुत्र नसल्यास जवळच्या भाऊबंद शाखेतून दत्तक घेतला जाई आणि वारसाला महाराणांकडून तलवारबंदी (कमरेला तलवार बांधण्याचा विधी) होईपर्यंत वारसा पक्का मानला जात नसे. पुरुषांची नावे बडवे, म्हणजे तिकडचे वंशावळ लिहिणारे, आपल्या वह्यांत लिहीत आणि राण्यांची माहेरची कुळे राणीमंगा भाट नोंदवीत. त्यामुळे दोन्ही वह्या जुळवल्याशिवाय घराण्याचे पूर्ण चित्र मिळत नाही. १९५२ च्या जहागीर निर्मूलन कायद्याने ठिकाण्याची सत्ता संपली. २०२३ पासून सलूंबर हे स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण आहे.

शिलालेखांवरील तिथी वाचताना आपला हिशेब लावू नये. मेवाडच्या दरबारी नोंदींत विक्रम संवत श्रावण वद्य प्रतिपदेला बदलतो आणि महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे तिथला चैत्र वद्य पक्ष म्हणजे आपला फाल्गुन वद्य पक्ष होय. राजवाड्याच्या खासगी भागात परवानगीशिवाय जाऊ नये, आणि छत्र्यांच्या (स्मारकांच्या) ओट्यावर चढताना पादत्राणे खाली काढावीत.