मुलाच्या हाती जुना फोन देण्याआधी
ग्राहकांसाठी माहितीपत्रक, सिडको, नाशिक

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी लागली की आमच्या मोबाइलच्या दुकानात ठरावीक तक्रारी सुरू होतात. "गेममध्ये पैसे गेले." "कोणीतरी पोराला मेसेज करतंय." "फोन रिसेट केला, आता उघडतच नाही." गर्दीत उभ्या उभ्या अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून द्यावे, म्हणून हे पत्रक. प्ले स्टोअर म्हणजे काय, जीमेल म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे. त्यात वेळ घालवत नाही.

या तिन्ही तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच चूक निघते. वडील नवा फोन घेतात, जुना मुलाला देतात, आणि जुन्यात वडिलांचेच जीमेल खाते तसेच राहते. सिम काढले की फोन मोकळा झाला, असा समज असतो. प्रत्यक्षात त्या खात्यासोबत तुमचे फोटो, नातेवाइकांचे नंबर, जतन केलेले पासवर्ड आणि कधीकाळी प्ले स्टोअरला जोडलेले कार्ड, सगळे मुलाच्या हातात जाते. शिवाय गूगलच्या दृष्टीने तो फोन चाळिशीचा माणूसच वापरत असतो. प्ले स्टोअरवर प्रत्येक गेमला ३+, ७+, १२+, १६+, १८+ असा वयाचा शिक्का असतो. मोठ्या माणसाच्या खात्यावर तो नुसता दिसतो, अडवत काहीच नाही.

गेल्या सुट्टीत एक गृहस्थ आले. अंबडला कंपनीत आहेत, सेकंड शिफ्ट. रात्री घरी आल्यावर मुलाच्या फोनमध्ये एका अनोळखी खेळाडूचे मेसेज दिसले, शाळा कोणती, एकटा कधी असतोस, असे. त्यांनी रागाच्या भरात बाहेरची बटणे दाबून फोन रिसेट केला. कोणत्याही बापाला राग येईल, त्यात त्यांची चूक नाही. पण असा रिसेट केला की अँड्रॉइड आधीच्या गूगल खात्याचा पासवर्ड मागतो. तो कोणालाच आठवेना, आणि खात्याला जोडलेला नंबर कधीच बंद पडलेला. दुकानात तीन खेपा झाल्या. सगळ्यात वाईट म्हणजे ते मेसेज गेले. पोलिसांना दाखवायला हातात काही उरले नाही.

अशा वेळी आम्हाला म्हणतात, "लॉक तोडून द्या, जास्तीचे पैसे घ्या." आम्ही तोडत नाही. चोरीचा फोनही नेमका असाच लॉक होऊन येतो, आणि ते कुलूप त्याचसाठी आहे. बिल आणा, खातेदाराला सोबत आणा. खाते परत मिळवायला आम्ही बसून मदत करतो. त्याला वेळ लागतो, आणि तो कमी करणे आमच्या हातात नसते.

म्हणून फोन देण्याआधी हे करा. फोटो आणि नंबर नव्या फोनवर आलेत का, ते पाहा. फोन आधीपासून मुलाकडेच असेल, तर त्याचा गेम कोणत्या खात्यावर चालतो, हे गेमच्या सेटिंगमध्ये बघा. 'गेस्ट' म्हणून, म्हणजे खाते न जोडता खेळत असेल, तर आधी गेमला कायमचे खाते जोडा, नाहीतर त्याची गेममधली दोन वर्षांची कमाई एका मिनिटात जाते. मुलाच्या लेखी ते मोठे नुकसान असते, आणि पुढच्या वेळी तो फोन तुमच्या हातात देत नाही. मग तुमचे खाते सेटिंगमधून काढा आणि त्यानंतरच सेटिंगमधूनच रिसेट करा. क्रम उलटा करू नका.

आता मुलाचे खाते. १३ वर्षांखालच्या मुलाचे गूगल खाते पालकाने फॅमिली लिंक या गूगलच्या पालकांसाठीच्या ॲपमधून उघडायचे असते. ते फुकट आहे. मुलाने नवा गेम टाकायचा म्हटले की परवानगी तुमच्या फोनवर येते, रोजची वेळ ठरवता येते, रात्री ठरवलेल्या वेळी फोन आपोआप लॉक होतो. १३ वर्षांपुढच्या मुलालाही त्याच्या संमतीने असे जोडता येते, आणि आमचा आग्रह आहे की जोडावे. आयफोन असेल तर हेच काम स्क्रीन टाइम आणि फॅमिली शेअरिंग करतात.

इथे दुसरा हट्ट होतो: "मोठं वय टाका ना, पटकन होईल." आमच्याकडे खरीच जन्मतारीख टाकली जाते. बीजीएमआय हा गोळीबाराचा ऑनलाइन गेम २०२३ मध्ये भारतात परत आला, तेव्हा १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तासांची मर्यादा घातली गेली. पण गेमला मूल दिसत नाही, त्याला सांगितलेले वय तेवढे कळते. तारीख खोटी असली की अशी प्रत्येक मर्यादा निकामी होते. आमच्याकडे या कामाला तासभर लागतो आणि शेजारच्या दुकानात दहा मिनिटांत होते, त्याचे कारण हेच आहे.

पैशांचे बोलू. फॅमिली लिंकची परवानगी प्ले स्टोअरमधून होणाऱ्या खरेदीलाच लागते. डायमंड, यूसी वगैरे गेममधले चलन बाहेरच्या वेबसाइटवरूनही मिळते आणि तिथे यूपीआय चालते. म्हणून मुलाच्या फोनमध्ये यूपीआय ॲप नको आणि तुमचा पिन त्याला माहीत नको. दुकानात किंवा दूधवाल्याला पैसे पाठवायला मुलाला सांगताना आपण सहज पिन सांगून टाकतो, तिथूनच सुरुवात होते. प्ले स्टोअरवर चुकून खरेदी झाली, तर ४८ तासांच्या आत तिथूनच परताव्याची विनंती करा. मंजूर होईलच असे नाही, पण आठवड्याने आलात तर वाट आणखी अवघड होते. "फुकट डायमंड" देणाऱ्या लिंकवर गेमचा पासवर्ड टाकला की खातेच जाते. आणि पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. असले ॲप कोणी फाइल म्हणून पाठवले तर उघडू नका.

आमच्याकडे रिडीम कोड, म्हणजे प्ले स्टोअरवर खरेदीला वापरायचे पैसे भरलेले कोड मिळतात. बारा-तेरा वर्षांची मुले रोख पाचशे घेऊन एकटी येतात. त्यांना आम्ही कोड देत नाही, आधी घरी फोन लावायला सांगतो. काही पालकांना ते आवडले नाही. पद्धत मात्र बदलणार नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण पैसे घेऊन खोटी खात्री द्यायची नाही. गेमच्या आत माइकवर कोण काय बोलतो, ते फॅमिली लिंकला ऐकू येत नाही. त्यासाठी गेममधलेच व्हॉइस आणि चॅट बंद करावे लागते, किंवा ओळखीच्यांपुरते ठेवावे लागते. मामेभाऊ, वर्गातली मुले यांचा स्क्वॉड, म्हणजे संघ असेल तर खुशाल खेळू द्या. अनोळखी खेळाडू फुकट स्किन (गेममधला पोशाख वगैरे) देऊ लागला आणि पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅप नंबर किंवा फोटो मागू लागला, की सावध व्हायचे, हे मुलाला आधीच सांगून ठेवा. त्याचे गेममधले नावही एकदा वाचा. नाव, नाशिक आणि जन्मसाल एकापुढे एक जोडलेली कितीतरी नावे आम्ही रोज पाहतो. अनोळखी माणसाला हवी ती निम्मी माहिती तिथेच मिळते. नाव बदलायला बऱ्याच गेममध्ये त्यासाठीचे 'कार्ड' गेममध्येच घ्यावे लागते. तेवढा खर्च करा.

काही घडलेच, तर फोन हिसकावू नका आणि रिसेट तर अजिबात नको. मेसेजचे स्क्रीनशॉट काढा, समोरच्याचा गेममधला आयडी लिहून घ्या, मागितले तरी पैसे देऊ नका. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० ला फोन करा. मुलाला कोणी धमकावत असेल, फोटो मागत असेल, तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, आणि पोलिसांत तक्रार द्या. मुलाला त्या वेळी एवढेच म्हणा, "सांगितलंस ते बरं केलंस." आधी ओरडा बसला की पुढचे मेसेज तो स्वतःच पुसतो.

मुलाचा फोन असा सेट करून देण्याचे आम्ही ३०० रुपये घेतो. फोन आमच्याकडून घेतला असेल तर काही नाही. सोमवार ते शुक्रवार, दुपारी दोन ते पाच. रविवारी हे काम घेत नाही, गर्दीत ते नीट होत नाही. आई किंवा वडील आणि मूल, दोघांनीही यायचे. पासवर्ड तुम्हीच टाकायचा, आम्ही तो बघत नाही आणि लिहूनही ठेवत नाही. येताना तुमचा चालू फोन, मुलाचा फोन आणि जीमेलचा पासवर्ड लिहिलेला कागद आणा. जुन्या फोनचा चार्जरही आणा, अपडेट बराच वेळ चालतो.