पडलेलं चुंगडं आणि गाडीचा वेग

तुरीचा हंगाम होता. गावातल्या गोदामात हमाल चारचाकी ढकलगाडीवरून चुंगडी, म्हणजे पोती, आत नेत होते. एक चुंगडं बाजूने घसरलं आणि धप्पकन फरशीवर पडलं. शेजारची अकरावीतली पोरगी लगेच म्हणाली, "काका, गाडी हलकी झाली, मंग तिचा वेग वाढाले नाई पाहिजे काय? संवेग तर कायम राहते ना!"

प्रश्न रास्त आहे. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. गुणाकार कायम ठेवायचा तर एक घटलं की दुसरं वाढायलाच हवं. पण या हिशोबातून चुंगडं सुटलंय. पडताना तेही गाडीच्याच वेगाने पुढे चाललं होतं, म्हणजे आपल्या वाट्याचा संवेग ते सोबत घेऊन उतरलं. फरशीवर घासत थांबलं, तेव्हा तो पृथ्वीला मिळाला. जाताना त्याने गाडीला पुढे ढकललंच नाही, मग तिचा वेग वाढणार कशाने?

आता उलटं पाहू. चाकांचं घर्षण सोडून द्या. वर बसलेल्या माणसासकट गाडी १०० किलोची, वेग सेकंदाला ३ मीटर. वरून सरळ खाली ५० किलोचं चुंगडं तिच्यावर सोडलं. त्याला पुढचा वेग मुळीच नाही. टेकताच त्याचं बूड फळीवर क्षणभर घासतं. फळी त्याला पुढे ओढते, ते फळीला मागे. संवेग ३०० होता, तो आता १५० किलोंत वाटला गेला. वेग उरला २ मीटर.

तेच चुंगडं पुन्हा बाजूने घसरून पडलं तर? वेग २ मीटरच राहतो, ३ होत नाही. मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. ३ परत हवे असतील, तर वरच्या माणसाने चुंगडं मागे असं ढकलायला हवं, की जमिनीच्या हिशोबाने ते जागच्या जागी थांबेल.

रॉकेट हेच अखंड करत असतं. १४ जुलै २०२३ला श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-३ निघालं, तेव्हा रॉकेटचं वजन सुमारे ६४० टन होतं आणि यानाचं जेमतेम ३.९ टन. बाकीचं बहुतेक इंधन. ते जळून वायू होऊन प्रचंड वेगाने मागे फेकलं गेलं. इंधन नुसतं गळालं असतं, तर रॉकेट कितीही हलकं झालं तरी त्याचा वेग वाढला नसता. हे गणित रशियाच्या त्सिओल्कोव्हस्कींनी १९०३ साली प्रसिद्ध केलं.

बैलबंडीचं मात्र वेगळं. ओझं उतरल्यावर बंडी जोरात धावते, कारण बैल ओढतच असतात. तेवढ्याच जोराला आता कमी वजन ओढायचं असतं.

पोरीला मी एक प्रश्न दिला: सरळ पडणाऱ्या पावसात उघडी गाडी आपल्याच वेगाने चालली आहे, तळाला भोक आहे, जेवढं पाणी येतं तेवढंच गळतं. वजन तर बदलत नाही, मग वेग?

ती विचार करत घरी गेली. संध्याकाळी येऊन म्हणाली, "कमीच होत जाईन, काका. थेंब येते थांबलेला अन् जाते गाडीचा वेग घेऊन."